हिराबायाशी कॅम्पग्राउंड, टूसॉन: एका हिवाळ्यातले चार मुक्काम

नोव्हेंबर ते मार्च या काळात आम्ही इथे चारदा राहिलो, मिळून सात रात्री. पहिल्यांदा नवरा, मुलगी आणि मी होतो. पुढच्या तिन्ही वेळी सासवडहून आलेले बाबाही होते. एका फेरीनंतर मी लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं, म्हणून हिवाळा संपेपर्यंत थांबले.

आधी सोयींचं. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरातून लेमन पर्वताकडे चढणाऱ्या कॅटालिना हायवेवर सातवा मैल गेला की थोड्याच अंतरावर आत वळायचं. उंची साधारण 4,900 फूट, म्हणजे शहराच्या दुप्पट. तंबू लावायच्या जागा जेमतेम डझनभर, ओकच्या झाडांमध्ये. प्रत्येक जागेवर टेबल आहे आणि शेकोटीची जागा आहे. शौचालय स्वच्छ असतं, पण साधं, पाण्याशिवायचं.

प्यायला पाणीही नाही. हे पहिल्या फेरीत आम्हाला चांगलंच भोवलं. नळ असेलच असं धरून आम्ही चार बाटल्या घेऊन गेलो. रात्री भाताला पाणी नाही आणि मुलगी तहानलेली. नवरा अंधारात वळणं उतरत शहरात गेला आणि दीड तासाने परतला. माझ्या फोनला रेंज नव्हती, त्यामुळे तो दीड तास कसा गेला ते मलाच माहीत. त्यानंतर 20 लिटरचा कॅन सगळ्यात आधी गाडीत चढतो. या डोंगरात काळी अस्वलं आहेत, त्यामुळे खाण्याचं काहीही, अगदी चिवड्याचा डबासुद्धा, तंबूत ठेवायचं नाही. जानेवारीत पहाटे तंबूवर पांढरं दव गोठलं होतं. कानटोपी, मफलर आणि दोन ब्लँकेटं असूनही बाबा चार वाजताच उठून बसले होते. शनिवारी-रविवारी हायवेवरच्या मोटारसायकलींचा आवाज खोऱ्यात घुमतो, म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी जा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते.

जुने लोक या जागेला अजून 'प्रिझन कॅम्प' म्हणतात. 1939 पासून इथे संघराज्य सरकारचं तुरुंग-शिबिर होतं आणि आपण ज्या हायवेने येतो तो बांधणं हे इथल्या कैद्यांचं काम होतं. घण, पहारी आणि सुरुंग घेऊन 8 हजारांहून जास्त कैद्यांनी हा रस्ता डोंगरातून काढला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार माणसांना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून उचलून स्थानबद्ध केलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्मानेच अमेरिकेचे नागरिक होते. ती कुटुंबं इथे नव्हती, त्यांच्या छावण्या वेगळ्या. पोस्टन आणि हीला रिव्हर या दोन तर ॲरिझोनातच होत्या. इथे आणले ते नकार देणारे. घरच्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवून आम्हाला सैन्यात कसं बोलावता, असं विचारणारे 40 हून अधिक तरुण इथे होते. धर्माला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणारे होपी आदिवासीही होते.

आणि गॉर्डन हिराबायाशी. 1942 मध्ये सिॲटलला शिकणारा चोवीस वर्षांचा मुलगा, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा. जपानी वंशाच्या माणसांनी रात्री 8 च्या आत घरात असलं पाहिजे असा हुकूम निघाला. वर्गातल्या इतरांना तो लागू नाही, मग मलाच का, म्हणून त्याने तो मोडला. छावणीत जायला नकार दिला आणि स्वतः जाऊन तपास अधिकाऱ्यांपुढे हजर झाला. 1943 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. उघड्यावरच्या शिबिरात काम करता यावं म्हणून त्याने जास्त मुदतीची, 90 दिवसांची शिक्षा मागून घेतली होती. प्रवासखर्च द्यायला सरकार तयार नव्हतं, तेव्हा तो वॉशिंग्टन राज्यातून लिफ्ट मागत मागत टूसॉनला आला. इथे त्याचे कागदच सापडेनात. परत जा म्हणाले, तर तो जाईना. शेवटी, सिनेमा बघून ये, तोवर शोधतो, असं त्याला सांगितलं. संध्याकाळी तो परत आला आणि कैदेत गेला.

हे मी बाबांना दुसऱ्या फेरीत शेकोटीजवळ सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे भारत छोडो चालू होतं तेव्हा." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या पुरंदरावरसुद्धा लढाईच्या काळात जर्मन कुटुंबं ठेवली होती. आमचे वडील सांगायचे. मी किल्ल्यावर किती वेळा गेलो, पण ती माणसं कुठे राहात असतील हे कधी मनात आलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या शिबिराच्या भागात फिरलो. इमारती सत्तरच्या दशकात पाडल्या. उरलेत काँक्रीटचे चौथरे, दगडी बांधकामाचे तुकडे आणि पायऱ्या. पायऱ्या चढलं की वर काही नाही, नुसतं गवत. एका चौथऱ्याला मधोमध भेग गेली आहे आणि तिच्यातून झुडूप वाढलंय, त्याचं खोड माझ्या मनगटाएवढं होतं. बाबांचे वडील गवंडी. पायरीच्या दगडावर हात फिरवत बाबा म्हणाले, "बघ, दगडांमधल्या दर्जा कशा भरल्यात. काम मन लावून केलंय कुणीतरी."

मग त्यांनी विचारलं, "कुंपण कुठे होतं गं?"

कुंपण नव्हतं, बाबा. हद्दीवर पांढरे रंगवलेले दगड ठेवले होते, तेवढेच.

तिसऱ्या फेरीत ते पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसले. सोबत थर्मासमधला चहा होता. मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही काय बघताय?" "काही नाही," म्हणाले, "तू बस इथे."

सरकारने पुरावा दडवला होता हे उघड झाल्यावर 1987 मध्ये अपील न्यायालयाने हिराबायाशींना दोषमुक्त केलं. 1999 मध्ये या जागेला त्यांचं नाव दिलं तेव्हा ते स्वतः इथे आले होते. ज्या रस्त्यावर शिक्षा म्हणून राबले, त्याच रस्त्याने.

एक तक्रार आहे. आमच्या चारही फेऱ्यांत इथे राहिलेले बहुतेक लोक माहितीचे फलक न वाचता गेले. एका कुटुंबाने जुन्या चौथऱ्यावर शेकोटी पेटवली होती. मी जाऊन बोलले, त्यांनी लगेच विझवली, पण काळा डाग राहिलाच. कृपा करून दिलेल्या जागेतच शेकोटी करा. मुलांना घेऊन तंबू लावायच्या आधी फलकांपाशी जा, वीस मिनिटं पुरतात. चालायची सवय असेल तर इथून सिकामोर जलाशयाकडे पायवाट जाते, तीही करा. आमची एकदाच झाली, तीही अर्धी, कारण बाबांचे गुडघे. एप्रिलमध्ये ते परत गेले. परवा फोनवर विचारत होते, पुरंदरावरच्या त्या जर्मन लोकांबद्दल कुठे काही वाचायला मिळेल का.