नमुने अस्सल, माल बनावट: एडीसी चिपच्या खरेदीत गेलेले ३,३०,३८० रुपये

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मी सतरा वर्षांपासून अल्ट्रासॉनिक तपासणी यंत्रांची कार्डे (सर्किट बोर्ड) बनवतो. धातूच्या जोडातली चीर शोधण्यासाठी ध्वनिलहर आत सोडायची आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपून अंकांत उतरवायचा, हे त्या कार्डाचे काम. अंकांत उतरवणारी वेगवान एडीसी चिप हा त्याचा जीव. इतकी वर्षे याच धंद्यात असून मला बनावट चिप ओळखता आली नाही, याची लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण तसला माल अजून बाजारात फिरत असणार.

मला एडी ९२४६ हवी होती, १४ बिटांची, म्हणजे लहरीची उंची १६,३८४ पायऱ्यांत मोजणारी, आणि ही मोजणी सेकंदाला १२.५ कोटी वेळा करणारी. अधिकृत वितरकाकडे २६ आठवड्यांची मुदत निघाली आणि माझ्या ग्राहकाला ३० कार्डे जूनअखेर हवी होती. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने ६० नग तयार असल्याचे सांगून ३,८५० रुपये दर दिला. मालाचे २,३१,००० आणि जीएसटीचे ४१,५८०, असे एकूण २,७२,५८० रुपये झाले. निम्मे, म्हणजे १,३६,२९० रुपये, २ मे २०२५ रोजी आणि उरलेले निम्मे ९ मे रोजी मी बँकेतून पाठवले. स्वस्ताच्या मोहाने फसला, असे कोणी म्हणू नये. मी आधी तीन नमुने मागवले होते, ते कार्डावर बसवून तपासले होते, आणि तिन्ही अस्सल निघाले होते. तेव्हा पहिली गोष्ट हीच की विक्रेत्याने निवडून दिलेल्या नमुन्यावरून मालाची परीक्षा करू नका; प्रत्येक ट्रेमधले नग स्वतःच्या हाताने उचलून तपासा.

माल १३ मे रोजी आला. पिशवी फोडली तेव्हा आतल्या आर्द्रता दाखवणाऱ्या कागदावरचे ठिपके निळे असायला हवे होते, ते गुलाबी झालेले होते, म्हणजे आत ओल शिरली होती. सूक्ष्मदर्शकाखाली नग मोजणारा मुलगा म्हणाला, “भाऊ, याच्या पाठीवर ओरखडे दिसताहेत, तुम्ही जरा बघून घ्या ना.” मी पाहिले. दिवा तिरपा धरल्यावर छपाईच्या खाली एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेषा स्पष्ट दिसत होत्या, आणि चिप उलटी केल्यावर पोटाच्या चौकोनावर जुन्या सोल्डरचा मळकट थर होता. मी म्हणालो, “वाहतुकीत घासलं असेल, घे पुढे.” वाहतुकीत घासलेल्या वस्तूवर समांतर रेषा कशा उमटतील? अ‍ॅसिटोनची बाटली त्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर होती. कापसाचा बोळा भिजवून एकदा फिरवला असता तर वरचा काळा लेप बोळ्याला लागला असता आणि पॉलिश पेपरने घासलेली पाठ उघडी पडली असती. दोन मिनिटांचे काम होते. सुटे भाग बसवून देणाऱ्याच्या यंत्रावर दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली होती, ती चुकली असती तर आठ दिवस गेले असते, आणि मी त्या आठ दिवसांचा विचार केला.

कार्डे २२ मे रोजी परत आली. येणाऱ्या अंकांची मांडणी केली तेव्हा १४ बिटांच्या १६,३८४ पायऱ्यांपैकी प्रत्येक चौथीच पायरी दिसू लागली. सर्वांत खालचे दोन बिट हलतच नव्हते. चिपशी बोलण्याच्या एसपीआय जोडणीतून तिच्या आत नोंदलेला ओळख क्रमांक वाचला, तो ९२४६ चा नव्हता. ९२४६ च्या जागी पायास पाय जुळून बसणारी १२ बिटांची एडी ९२३३ असते. कुठल्यातरी भंगारातल्या कार्डांवरून ती काढून, घासून, वर नवे नाव छापले होते. ६० पैकी ५१ नग असे निघाले. क्षीण प्रतिध्वनी नेमका खालच्या बिटांत असतो, त्यामुळे बारीक चीर या कार्डाला दिसलीच नसती. ओळख क्रमांक चिप बसवण्यापूर्वीच, चाचणी सॉकेटमध्ये वाचा. जडणावळीचे ३७,५०० रुपये गेले, आणि चिप काढताना सात कार्डे जळाली त्यांचे २०,३०० रुपये गेले.

व्यापारी फोन उचलेना, तेव्हा पोलीस ठाण्यात गेलो. तेथे सांगण्यात आले की माल मिळालेला आहे, कमी-अधिक दर्जाचा वाद दिवाणी आहे. मी दोन चिप शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांनी पाहिल्याही नाहीत. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आहे, हे मी छापून नेले होते, तर व्यवहार दिल्लीचा आहे, तिकडे जा, असे उत्तर मिळाले. हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही खबर नोंदवता येते, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये असताना जळगावच्या माणसाने दिल्लीला का जावे? सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला तो २९ मे रोजी, शेवटचे पैसे गेल्यानंतर वीस दिवसांनी. तोवर खाते रिकामे झाले होते. (पैसे गेल्याचे कळताच, त्याच तासाला हा फोन करा.) बँकेने पोलिसांचे पत्र मागितले आणि पोलिसांनी बँकेचे. ग्राहक आयोगाच्या कारकुनाने ‘व्यापारी हेतूची खरेदी’ म्हणून कागद हातातच घेतले नाहीत. शेवटचा घाव कर कार्यालयाने घातला: विक्रेत्याने विवरणपत्र भरलेले नाही, म्हणून ४१,५८० रुपयांची वजावट मला मिळणार नाही. म्हणजे कर मी भरला, बुडवला त्याने, आणि जाब विचारला गेला मला. जीएसटीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून विवरणपत्रे नियमित भरली आहेत का, हे पैसे पाठवण्यापूर्वी पाहा. मी फक्त नोंदणी चालू आहे एवढेच पाहिले होते.

जूनमध्ये व्यापाऱ्याचा निरोप आला की सगळे नग परत पाठवा, मग पैशांचे बघू. मी पाठवलेले नाहीत आणि कोणी पाठवू नयेत, कारण पुरावा तेवढाच आहे. ५१ नग, पिशवी, तो गुलाबी ठिपक्यांचा कागद आणि ओळख क्रमांकांची यादी साक्षीदारांसमोर मोहोरबंद करून ठेवली आहे, आणि पोलीस अधीक्षकांकडे नोंदणीकृत टपालाने लेखी तक्रार केली आहे. पोच मिळाली आहे. उत्तर अद्याप नाही.