निघोजचे रांजणखळगे की पाचगणीचं टेबललँड? पोरांना दगड दाखवायला कुठे न्यायचं

आमच्या सोसायटीतल्या आणि आजूबाजूच्या शाळकरी पोरांना घेऊन हिवाळ्यात आम्ही दगडांची ट्रिप काढतो, त्यामुळे ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्हालाही न्यायचंय, निघोज बरं पडेल, म्हणजे कुकडी नदीच्या कातळात पाण्याने कोरलेले रांजणासारखे खळगे, की पाचगणी, म्हणजे टेबललँड नावाचा तिथला सपाट डोंगरमाथा. दोन्हीकडे पुण्यातून सकाळी निघून रात्री घरी येता येतं, दोन्हीकडे आपल्या दख्खनचाच दगड आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि दोन्ही जागा पुढे कशा राहतील हे तिथे जाणारे आपण कसे वागतो यावर बरंच अवलंबून आहे. गाडी कुठली, टोल किती, हे तुम्हाला माहितीच आहे, ते सोडून देतो.

आधी पाचगणी, कारण नुसता भूगोल बघितला तर ती जागा मोठी आहे हे मान्यच करायला पाहिजे. वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलात की डोंगरात लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात, पोरांना खिडकीतून बाहेर बघायला सांगा. जगभरातले भूशास्त्रज्ञ दख्खनच्या या थरांना जी नावं देतात ती म्हणजे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, म्हणजे आपल्या एसटीच्या पाट्यांवरची गावं, आणि वरच्या थरांच्या अख्ख्या गटाचं नाव वाई! हे ऐकल्यावर पोरं एकदम सरसावून बसतात, मलाही दरवेळी सांगताना भारी वाटतं. वर गेलं की टेबललँडचा जांभा. खालच्या काळ्या दगडाचाच हा पुढचा अवतार आहे, उष्ण दमट हवेत आणि पावसात तो लाखो वर्षं कुजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्याचं हे लालसर कडक झाकण तयार झालं, म्हणून माथा सपाट राहिलाय. पावसाळ्यानंतर त्यावर उथळ डबकी असतात, चिमूटभर मातीत इवलीशी फुलं येतात, किडे खाणाऱ्या वनस्पतीसुद्धा अशा सड्यांवर, म्हणजे उघड्या सपाट कातळमाथ्यांवर, सापडतात.

आणि तिला मानही मिळतोय. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा संवेदनशील भाग आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी आणि महाबळेश्वरचे डेक्कन ट्रॅप्स, म्हणजे हेच लाव्हाचे थर, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. संभाव्य यादी म्हणजे अजून वारसा नाही, पण मला फार आनंद झाला, खरंच.

तरी पोरांना घेऊन मी आता तिकडे जात नाही, आणि त्याला कारण एकच. टेबललँडवर दगडासमोर दहा मिनिटं शांत बसता येत नाही. आपण पोरांना खाली बसवून सांगायला लागतो की हाताने चाचपून बघा, ही भोकं कशाची असतील, की घोडा घेणार का म्हणून कोणीतरी येतं, नको म्हणून परत सूर पकडतो तोवर घोडागाडी बाजूने जाते आणि धुरळा उडतो, मग फोटोवाला, मग कणीसवाला, आणि तोपर्यंत पोरांचं लक्ष कुठल्या कुठे गेलेलं असतं, त्यात पोरांची काहीच चूक नाही. घोडेवाल्यांचीही नाही, त्यांचं पोट त्यावर आहे, आणि जी गर्दी येते तिला तेच हवं असतं. कडेला जाऊन बसून बघितलं, लवकर पोचून बघितलं, आडवारी जाऊन बघितलं, थोडा फरक पडतो पण जे सांगायचं ते अर्धंच राहतं. आणि ज्या चिमूटभर मातीबद्दल वर लिहिलं तिच्यावरूनच टापा आणि चाकं फिरत असतात, आपल्या पोरांचे बूटही त्यातच, हे बघून मला त्रास होतो. शेजारी कासला फुलांच्या दिवसात बुकिंग करून मोजकीच माणसं आत सोडतात, त्यामुळे तिथे निदान श्वास घ्यायला जागा असते. तसं काही टेबललँडवर झालं तर माझं मत बदलेल कदाचित.

आता निघोज. शिरूरहून आत वळायचं, कुकडीच्या अलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज, मधे नदीचं पात्र आणि काठावर मळगंगा देवीचं देऊळ. पात्रात उतरलं की काळ्या कातळात शेकडो खळगे, काही ताटाएवढे, काही माणूस उभा गडप होईल एवढे. पुराचं पाणी कातळातल्या एखाद्या खोलगट जागी गरगर फिरतं, त्यात अडकलेले गोटे पाण्याबरोबर फिरत राहतात आणि खलबत्त्यासारखे तळ कुटत आणि घासत जातात, खळगा खोल होतो, मग शेजारचे दोन खळगे एकमेकांना भिडतात, मधली भिंत पातळ होते, तिला भोक पडतं, शेवटी ती कोसळते आणि नदीला नवी वाट मिळते. या सगळ्या पायऱ्या तिथे एकाच जागी उभं राहून दिसतात, हेच निघोजचं मोठेपण आहे असं मला वाटतं. जांभा समजावून सांगावा लागतो, इथे पोरं स्वतःच विचारतात की हा एवढा गुळगुळीत गोटा आत कसा आला, आणि दुसरंच पोर उत्तर देतं. मी बहुतेक वेळ गप्प असतो. दगड कोट्यवधी वर्षांचा पण खळगे त्या मानाने फार अलीकडचे, आणि पूर आला की ते काम आजही पुढे सरकतं, हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

निघोजला त्रास नाही असं नाही हं. नगर रोडला वाघोलीत अडकलात की सकाळ गेली, त्यामुळे उजाडायच्या आत निघा. पात्रात कठड्याच्या भरवशावर राहू नका, खळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि आत पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही, पोहता येणारं माणूससुद्धा त्यातून सहज वर येऊ शकणार नाही, म्हणून चार-पाच पोरांमागे एक मोठं माणूस पाहिजेच. आणि निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, पाण्याच्या बाटल्या खळग्यात तरंगताना दिसतात, ते बघून वाईट वाटतं. पण हा कचरा उचलता येतो. आम्ही पोती घेऊन जातो, काठावरचा हाताला येईल तेवढाच गोळा करतो, खळग्यात कोणी उतरत नाही. सड्यावरची तुडवलेली माती मात्र आपल्याला उचलून परत ठेवता येत नाही, माझ्या मनात पारडं तिथेच झुकलं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, खळग्यातले गोटे घरी आणू देऊ नका. ते शोभेचे दिसतात, पोरांच्या खिशात जातात, पण खळगा कोरणारं हत्यारच ते आहे, ते नेलं तर नदीने काम कशाने करायचं? आम्ही बसमध्ये बसायच्या आधी सगळ्यांचे खिसे बघतो आणि गोटे जिथले तिथे ठेवायला लावतो.

पैशाचंही बोलायला पाहिजे, कारण गावाला काही मिळालं तरच गाव ती जागा जपेल. पाचगणीत पैसा भरपूर फिरतो, तुमच्या एका बसने तिथे फार फरक पडेल असं मला वाटत नाही. निघोजला पडतो. डबे नेऊ नका, गावात आधी सांगून पिठलं-भाकरीचं जेवण ठरवा, देवळापाशी छोटी दुकानं आहेत तिथून घ्या, आणि नदी कुठे कशी चढते ते माहिती असणाऱ्या गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या आणि त्याला रीतसर मानधन द्या. आमच्याबरोबर जे आजोबा येतात ते पूर कुठपर्यंत चढला होता ते कातळावर हात ठेवून दाखवतात, माझ्या सगळ्या माहितीपेक्षा पोरांना तेच लक्षात राहतं. भूवारसा जपण्यासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने काढला होता, कायदा व्हावा असं मलाही मनापासून वाटतं, पण एवढ्या गोष्टी करायला त्याची गरज नाही.

तरी पाचगणी कोणासाठी? बरोबर आजी-आजोबा असतील, गुडघ्यांचा त्रास असेल तर पाचगणीच, निघोजच्या कातळावर त्यांचे हाल होतील. कॉलेजची मुलं असतील, ज्यांना थर, जांभा, कृष्णेचं खोरं हे सगळं एकत्र मांडून बघायचंय, त्यांनाही पाचगणी जास्त देईल, मात्र त्यांनी टेबललँडवर कमी आणि घाटात जास्त वेळ घालवावा, गाडी सुरक्षित लावता येईल तिथेच उतरून. आणि पाचगणीला जाणारच असाल तर पुढे भिलारला थांबा, पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांतच पुस्तकं ठेवलीयत, पोरं रमतात आणि थेट गावातल्या माणसांशी बोलणं होतं.

पाचवी ते आठवीची पोरं आणि एक बस, असं असेल तर मी तरी निघोजच म्हणेन. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा, उन्हाळ्यात कातळ तापतो आणि चैत्रात यात्रेची गर्दी असते, पावसाळ्यात तर पात्रात उतरायचा विचारच नको. निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून वरच्या धरणातून पाणी सोडलंय का एवढं नक्की विचारा, सोडलं असेल तर सरळ पुढचा रविवार धरा.