बर्गेनच्या पावसात फेल्ट केलेले हातमोजे: एका हिवाळ्याचा अनुभव

नॉर्वेतल्या बर्गेनच्या हिवाळ्यात कोरडा बर्फ कमी, वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊसच जास्त. साध्या विणीच्या हातमोज्यांत टाक्यांमधून वारा शिरतो. म्हणून सांदनेस गार्न या नॉर्वेजियन कंपनीची फ्रितिड्सगार्न ही शंभर टक्के लोकर घेऊन, अंगठा वेगळा नि चार बोटं एकत्र असे हातमोजे विणले आणि मुद्दाम धुऊन, आटवून घट्ट केले, म्हणजेच फेल्ट केले. हिवाळाभर सायकलवर वापरले. आता दुसरे हातमोजे घालवत नाहीत.

सहा मिलिमीटरच्या सुया, गोल वीण, सगळे सुलट टाके, हात सैल. सुयांवरून उतरले तेव्हा लांबी ३१ सेंटीमीटर होती, वॉशिंग मशीनमधून निघाले तेव्हा २२. रुंदी त्या मानाने कमी आटते, त्यामुळे विणताना ते बेढब लांबुडके दिसतात, घाबरू नका. आधी एक तुकडा विणून, मोजून, धुऊन परत मोजाच, आणि तोही त्याच रंगाचा, कारण रंगागणिक आटणं बदलतं.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. साबणाच्या गरम पाण्यात घुसळण झाली की तंतू सरकून एकमेकांत अडकतात, ते परत सुटत नाहीत. सुपरवॉश लोकर मात्र घेऊ नका. तिचे खवले आधीच काढलेले किंवा झाकलेले असतात, ती आटणारच नाही. मी ४० अंशांवर धुतले, घासायला सोबत जुनी जीन्स टाकली. ओले असतानाच हातात घालून आकार दिला.

भिजले तरी ऊब जात नाही, अगदी घोंगडीसारखी. वाळायला मात्र फार वेळ लागतो. दुसरा जोड हवाच. सुरुवातीला गोळे येतात, ते खुडून टाकले की पुढे कमी होतात.

खरी झीज तळव्याला, हँडल धरतो तिथे. आइसलँडच्या मच्छीमारांच्या लोकरी हातमोज्यांना दोन अंगठे असत: तळवा झिजला की मोजा फिरवून घालायचा. किती विचार करून केलेली वस्तू! फेल्ट उसवत नाही, त्यामुळे झिजलेली जागा पसरत गेली नाही. उरलेल्या लोकरीने तिथे आतून रफू केलाय, आणि पुढच्या जोडाला तळव्यापुरता दुहेरी धागा घेणार आहे.