टीव्हीवरची अ‍ॅप शोधताना गेलेले ६५,२५० रुपये

मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, अनोळखी लिंक उघडली नाही आणि मोबाइलचा स्क्रीन दुसऱ्याला दिसेल असे अ‍ॅपही घेतले नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिकत ऐकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो आणि तो विचारताना त्याच्या चेहऱ्यावर ‘म्हातारा फसला’ हा भाव मला स्पष्ट दिसतो. इतकी काळजी घेऊनही एका रविवारी दुपारी चाळीस मिनिटांत माझ्या खात्यातून ६५,२५० रुपये गेले आणि तिन्ही वेळा ते मी माझ्याच बोटांनी पाठवले.

टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवरची (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारे छोटे उपकरण) नेहमीची अ‍ॅप त्या दिवशी अचानक दिसेनाशी झाली. वायफाय चालू होते. स्टिक काढून पुन्हा लावली, राउटर बंद करून चालू केला, पण पडद्यावर नुसती चार-पाच रंगीत चौकोनी चित्रे येत होती. सेटिंगमध्ये जावे तर तिथे पिन मागत होते आणि असा काही पिन आपण ठेवल्याचे मला आठवत नव्हते. जुन्या उपकरणांवर काही अ‍ॅप कालांतराने चालेनाशी होतात हे मी वाचले होते, म्हणून आपली स्टिकही त्याच वाटेने गेली असावी असे मी गृहीत धरले. मग तुम्हीही कधी ना कधी केले असेल तेच केले. मोबाइलवर कंपनीचे नाव आणि त्यापुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असे टाइप करून वर जो पहिला क्रमांक आला तो लावला.

पुढचा प्रकार कसा चालतो हे वाचकांना ठाऊक असेलच. गोड आवाज, प्रत्येक वाक्याला ‘सर’, मागे कॉल सेंटरसारखी कुजबुज. स्टिकची नोंदणी संपली आहे, म्हणून अ‍ॅप लपली आहेत. पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायला १,४९९ रुपये लागतील आणि हे पैसे चोवीस तासांत परत मिळतील, असे त्याने सांगितले. त्याने स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप घ्यायला सांगितले तेव्हा मी ठाम नकार दिला आणि तो नकार त्याने इतक्या सहज मान्य केला की माझा विश्वास उलट वाढला. आपण सावध आहोत याचा मला अभिमान वाटत होता, आणि त्याच अभिमानात मी १,४९९ रुपये भरले. स्ट्रीमिंग स्टिकला नोंदणीचे किंवा अ‍ॅक्टिव्हेशनचे पैसे लागत नाहीत. असे पैसे मागितले गेले की त्याच क्षणी फोन ठेवावा.

अ‍ॅप अर्थातच परत आली नाहीत. मी आवाज चढवला तेव्हा तो लगेच म्हणाला, “सर, मग तुमचे पैसे आत्ताच रिफंड करतो.” यूपीआय अ‍ॅप उघडायला लावून त्याने एक आयडी टाकायला सांगितला. नाव एका बाईचे आले. मी विचारले, तर त्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत असे उत्तर मिळाले. त्यानंतर तो म्हणाला, “आता खालच्या चौकटीत तुमचा रिफंड फाइल नंबर टाका : दोन, चार, नऊ, आठ, सात.”

हा क्षण मी त्यानंतर किती वेळा आठवला असेन याची गणती नाही. मी एकेक आकडा टाकत होतो आणि चौथा टाकताच त्या आकड्यांमध्ये आपोआप स्वल्पविराम पडला. शेवटचा सात टाकल्यावर दिसले : २४,९८७. फाइल नंबरात स्वल्पविराम कशाला येईल? त्याच्या डावीकडे रुपयाचे चिन्ह होते आणि खालच्या बटणावर ‘पे’ हा शब्द होता. मी एकतीस वर्षे एका कार्यालयात हिशेब तपासले. दुसऱ्याच्या वहीतला पाच पैशांचा फरक मला लांबून दिसायचा. मी त्याला विचारलेसुद्धा, “इथे पे का लिहिले आहे?” तो म्हणाला, “सर, पे म्हणजे आमचे पेमेंट डिपार्टमेंट.” मी हसलो आणि पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत नव्हते असे नाही. पण तो बोलायचा थांबतच नव्हता, आणि कानाशी कुणी सतत बोलत असले की डोळ्यांना दिसलेले मनापर्यंत पोहोचत नाही. असे काही करताना समोरच्याला ‘दोन मिनिटांनी फोन करतो’ एवढेच सांगून पाहा. तो तुम्हाला फोन ठेवू देणार नाही, आणि तेवढी खूण पुरेशी आहे.

“फाइल रिजेक्ट झाली, आता दोन्ही रकमा एकदम परत येतील,” असे म्हणून त्याने दुसरा नंबर दिला : ३८,७६४. तोही मी टाकला, कारण तोवर आधीचे २४,९८७ रुपये परत मिळवण्याची घाई लागली होती. तिसरा नंबर त्याने सांगितला तेव्हा बँकेचे संदेश लागोपाठ वाजले आणि मी फोन ठेवला.

त्यानंतरची चूक मात्र निव्वळ लाजेपोटी झाली. पत्नी आतल्या खोलीत होती. तिला कळू नये म्हणून मी त्याच्याशी झालेले सगळे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि कॉलची नोंद पुसून टाकली. पुढे पोलिसांनी नेमके तेच मागितले. काहीही पुसू नका. उलट प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवून ठेवा.

१९३० हा आर्थिक सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे आणि जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त, असे सगळीकडे छापलेले असते. माझा फोन तिथे चौतीस मिनिटांनी लागला. तेवढ्या वेळात पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते आणि हाती लागले ते अवघे ६,३०० रुपये. तेही मला मिळालेले नाहीत, गोठवले आहेत. सोडवायचे तर न्यायालयाचा आदेश आणा असे सांगण्यात आले. पोलीस ठाण्यात पहिले वाक्य ऐकले ते “पिन तुम्हीच टाकलात ना?” हे. दुसरे वाक्य असे की खाते दुसऱ्या हद्दीतल्या शाखेत आहे, तेव्हा तिकडच्या ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी नंतर वाचले. तेव्हा माहीत असते तर त्या बाकावर दोन तास मान खाली घालून बसलो नसतो. तिथून दुसऱ्या ठाण्यात गेलो, तर तिथे साहेब बंदोबस्ताला गेले होते.

बँकेची तर वेगळीच तऱ्हा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा छापील कागद घेऊन मी सोमवारी सकाळी दारात उभा होतो. तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार नाही, असे मी त्यावर पेन्सिलीने अधोरेखित केले होते. अधिकाऱ्याने कागद हातातही न घेता सांगितले की ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे आणि तुमचा व्यवहार तुम्हीच अधिकृत केला आहे. नियमाच्या दृष्टीने कदाचित तो बरोबर असेल. पण महिन्याला काही हजारांच्या वर यूपीआय न वापरणाऱ्या माणसाच्या खात्यातून रविवारी दुपारी अकरा मिनिटांच्या अंतराने दोन अनोळखी लोकांना ६३,७५१ रुपये जातात, तेव्हा बँकेच्या कोणत्याच यंत्रणेला शंका का येत नाही? किमान शिल्लक शंभर रुपयांनी कमी पडली तर ते मात्र यंत्रणेला बरोबर दिसते. लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि मी जाणार आहे. तोंडी बोलून परत येऊ नका, पोच घ्या.

आणि अ‍ॅप? मुलीने फोनवरून विचारले, “बाबा, वरच्या कोपऱ्यात कोणाचे चित्र दिसते?” तिथे चष्मा घातलेले अस्वल होते. सुट्टीत आलेल्या नातवाने लहान मुलांचे प्रोफाइल चालू ठेवले होते. त्यात मोठ्यांची अ‍ॅप दिसत नाहीत आणि बाहेर पडायला पिन लागतो, जो मुलीनेच ठेवला होता. टीव्हीने मागितलेला पिन मला ठाऊक नव्हता आणि जो ठाऊक होता तो मी तीनदा टाकला. तिने सांगितलेले चार अंक दाबताच सगळी अ‍ॅप जागच्या जागी दिसली. मदत हवी असेल तर कंपनीचा क्रमांक खोक्यावरच्या किंवा सोबतच्या माहितीपत्रकावरच पाहा.

शोधात आलेल्या त्या क्रमांकाची तक्रार मी दोनदा नोंदवली. आज सकाळी पुन्हा शोधून पाहिले, तेव्हा नोंद त्याच जागी होती, नावही तेच होते. क्रमांकाचे फक्त शेवटचे दोन अंक बदललेले होते.