हल्लेखोराला शिक्षा की वीज कंपनीवर सक्ती?

वीजजाळ्यावरचा सायबर हल्ला रोखायला कायद्याचे दोन मार्ग आहेत. एक, हल्लेखोराला धाक: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० नुसार सरकारने ‘संरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या संगणकयंत्रणेत घुसणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद. दुसरा, वीज कंपन्यांनाच बांधून घेणे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तेच करतात: सुरक्षा अधिकारी नेमा, नियंत्रणयंत्रणा इंटरनेटपासून अलग ठेवा, उपकरणे खात्रीच्या पुरवठादाराकडूनच घ्या.

शिक्षा हवीच, पण परदेशात बसलेल्यापर्यंत ती क्वचितच पोचते. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी दुरूनच वीज उपकेंद्रांचे ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, उघडून पुरवठा तोडला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर लावले, म्हणून काही तासांत वीज आली. अमरावतीच्या वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) ओलितात असे झाले आणि वीज कित्येक दिवस आली नाही, तर विहिरीत पाणी असून मोटारपंप बंद, संत्र्याची फळगळ सुरू. त्या शेतकऱ्याला आरोपपत्राचा काय उपयोग?

माझे मत दुसऱ्या मार्गाला. फक्त त्यात एक भर हवी: खेड्यातल्या ३३ केव्ही (३३ हजार व्होल्ट) उपकेंद्रावर रात्रपाळीलाही हाताने ब्रेकर चालवू शकणारा ऑपरेटर आणि त्याचा नियमित सराव, हेही त्यात सक्तीचे व्हावे.