डोक्याला मार लागल्यानंतरची फिजिओथेरपी, सात आठवड्यांचा अनुभव

जुलैत कर्वेनगरला पावसात स्कूटर घसरली. हेल्मेट होतं तरी डोकं डिव्हायडरवर आपटलं. हॉस्पिटलात सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला, "काही नाही, घरी जाऊन आराम करा" म्हणून सोडलं. आराम म्हणजे नक्की किती आणि कसा ते कुणी बोललंच नाही, मग घरी पडदे लावून, मोबाईल बंद करून तीन आठवडे नुसती पडून राहिले आणि त्याने उलट वाढलंच. मान वळवली की गरगरायचं, कुकरची शिट्टी झाली की डोकं ठणकायचं, पेपरची दोन वाक्यं वाचून मळमळायचं.

माझ्या जावेने कोथरूडच्या एका फिजिओ मॅडमकडे पाठवलं, चक्कर आणि तोल याचंच काम करतात त्या. पहिल्या दिवशी सव्वा तास दिला हो त्यांनी! सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं पण कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला हादरा बसतो त्यात, मेंदूचं कामकाज बिघडलेलं असतं ते त्यात दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास खराच असतो, हे ऐकून मला तिथेच रडू आलं. कडक आराम नकोच, पहिले २४ ते ४८ तास बेताने राहायचं आणि मग हळूहळू हालचाल, असं २०२२ला ॲमस्टरडॅमच्या कन्कशनवरच्या परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांनीही मांडलंय म्हणे.

मग ट्रेडमिलवर चढ वाढवत नेला, त्रास वाढायला लागला तिथली नाडी मोजली आणि रोज नाडी त्याच्या जरा खालीच ठेवून चालायला सांगितलं, २० मिनिटं. नियम एकच, त्रासाला शून्य ते दहात मार्क द्यायचे, आधीपेक्षा दोनहून जास्त मार्कांनी वाढला तर थांबायचं आणि तासाभरात खाली आला पाहिजे. मला सगळ्यात जास्त फायदा याचा झाला, कारण तोवर जरा ठणकलं की मी घाबरून आडवी व्हायचे.

घरी भिंतीवर डोळ्यांसमोर 'क' लिहिलेलं कार्ड लावलं. नजर अक्षरावर ठेवून मान डावी-उजवी हलवायची, अक्षर पुसट व्हायला नको. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत पलंगाची कड धरून बसले. पाचव्या आठवड्यात गादीवर उभी राहून पूर्ण एक मिनिट जमलं, मुलगा घड्याळ लावून समोर बसला होता.

ऑफिससाठी त्यांनी पत्र दिलं, आधी अर्धा दिवस, दर अर्ध्या तासाने स्क्रीनपासून ब्रेक. आता पूर्ण दिवस करते, फक्त संध्याकाळी थकवा येतो.

तक्रारी आहेत. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, चक्कर येणाऱ्या माणसाने चढायचं कसं? वेटिंगमध्ये पांढऱ्या ट्यूबा आणि मोठ्या आवाजात टीव्ही, सांगितलं की कमी करतात, पुढच्या वेळी परत तेच. फी पहिल्यांदा १२०० आणि नंतर ७००, माझ्यासाठी जास्तच होती, पण घरचे व्यायाम नीट शिकवल्यामुळे आठवड्याला एकदाच जावं लागलं.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, मार लागल्यावर डोकेदुखी वाढतच चालली, सारख्या उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं किंवा झोपेतून उठवताच येत नसेल तर फिजिओ नाही, आधी इमर्जन्सीत न्या.

स्कूटर अजून काढलेली नाही. मागे वळून बघताना थोडं गरगरतं, ते थांबलं की मगच, असं मॅडमनी सांगितलंय. शनिवारी परत दाखवायचंय.