घरच्या स्वयंपाकाला सुरी कोणती घ्यावी? व्हिक्टोरिनॉक्स, सांतोकू आणि आपली विळी

आधीच सांगते, लाकडी ठोकळ्यात खोचलेला सहा-सात सुऱ्यांचा सेट घेऊ नका. वास्तुशांतीला, लग्नात लोक हौसेने देतात, ओट्यावर दिसतोही छान, पण त्यातल्या दोनच सुऱ्या रोज हातात येतात, ब्रेडची लांब सुरी केक कापायच्या दिवशी बाहेर निघते आणि बाकीच्या तशाच उभ्या राहतात. तेवढ्याच पैशात दोन खरोखर चांगल्या सुऱ्या आणि धारेचा एक दगड येतो, आणि आपला रोजचा कांदा टोमॅटो मिरची कोथिंबीर, मधनंच कोबी, कधी लाल भोपळा, कधी चिकन, एवढ्याला ते पुरून उरतं. या दोन सुऱ्यांबद्दल लिहितेय, आणि विळीबद्दल पण, कारण आपल्याकडच्या स्वयंपाकघराबद्दल बोलायचं आणि विळीचं नावच काढायचं नाही हे मला पटत नाही.

दुकानात गेल्यावर लोक मूठ बघतात, चकाकी बघतात, हातात घेऊन वजन बघतात. बघायचं असतं स्टील. आपली ताटं-वाट्या ज्या स्टीलच्या असतात, ते १८-८ वालं, ३०४ ग्रेड, ते गंजत नाही हे खरं पण ते तापवून एकदम थंड केलं तरी सुरीला लागतं तेवढं कडक होत नाही, म्हणून त्याची सुरी केली तर धार टिकणारच नाही, कितीही घासा. सुरीच्या स्टीलला कार्बन लागतो, त्यानेच कडकपणा येतो, आणि गंजू नये म्हणून क्रोमियम, साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर. युरोपातल्या पुष्कळ कंपन्या जे वापरतात त्या १.४११६ नावाच्या स्टीलमध्ये अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. कडकपणा रॉकवेलच्या मापात सांगतात, एचआरसी लिहिलेलं असतं बघा. व्हिक्टोरिनॉक्सच्या किचनच्या सुऱ्या ५५-५६ च्या आसपास, जर्मन घडवलेल्या, म्हणजे तापवून ठोकून केलेल्या, सुऱ्या ५८ च्या जवळ, जपानी व्हीजी-१० स्टीलच्या ६० ते ६१. आता आकडा मोठा म्हणजे सुरी भारी असं अजिबात नाही. जास्त कडक सुरीची धार खूप दिवस टिकते पण ती ठिसूळ असते, हाड लागलं किंवा आपटली तर टवका उडतो. थोड्या मऊ स्टीलची धार लवकर वाकते पण दोन मिनिटांत सरळ होते. आपापल्या सवयीप्रमाणे निवडायचं. पण ज्या पाकिटावर नुसतं ‘उत्तम दर्जाचं स्टेनलेस स्टील’ एवढंच छापलंय, ग्रेड नाही, कडकपणा नाही, ती सुरी मी तरी घेत नाही.

पहिली सुरी, व्हिक्टोरिनॉक्सची ती ११ सेंटीमीटरची दातेरी छोटी सुरी, टोमॅटो अँड टेबल नाइफ म्हणून मिळते, रंगीत प्लास्टिकची मूठ, टोक गोल. कंपनी स्वित्झर्लंडची, १८८४ पासूनची, खिशातल्या लाल चाकूंमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण मला विचाराल तर त्यांची सगळ्यात उपयोगी वस्तू ही आहे. खूप पिकलेला, बोट लावलं तर दबेल असा टोमॅटो घ्या आणि साध्या बोथट सुरीने कापून बघा, आधी साल आत दबते, मग फुटते आणि बियांचं पाणी बोर्डभर पसरतं. हीच गोष्ट या सुरीने करा, काही न दाबता नुसती पुढे ओढा, दाते साल पकडतात आणि चकती इतकी पातळ पडते की पलीकडचं दिसतं, रस जागच्या जागी. लिंबू, मिरच्या, भेंडी, सँडविचची काकडी, मुलांच्या डब्याची सफरचंदं, मऊ पाव, सगळं होतं. वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे आईसारख्या वयाच्या माणसांना, ज्यांची बोटं दुखतात त्यांना फार सोयीची पडते. किंमतही पाचशेच्या आतबाहेर असते.

धार इतकी का टिकते त्याचं कारण सोपं आहे, बोर्डाला फक्त दात्यांची टोकं लागतात, मधल्या खाचा सुरक्षित राहतात आणि खरं कापायचं काम त्या खाचा करतात. पण हाच तिचा तोटाही आहे, गुळगुळीत पात्यासारखी ही घरच्या दगडावर नीट लागत नाही, गेली की गेली, नवीन आणायची. आणि कोथिंबीर बारीक चिरायला, कांदा एकसारखा बारीक करायला ही नको, पातं अरुंद आहे, बोटांची गाठ बोर्डाला आपटते.

त्यासाठी दुसरी, मोठी सुरी. इथे मी व्हिक्टोरिनॉक्सचीच फायब्रॉक्स मुठीची, म्हणजे न घसरणाऱ्या प्लास्टिकसारख्या मुठीची, २० सेंटीमीटरची शेफ नाइफ सांगेन, म्हणजे आठ इंची. घडवलेली नाही, पत्र्यातून कापून काढलेल्या पात्याची आहे, दिसायला अगदी साधी, काळी मूठ, कोणी बघून वा म्हणणार नाही. पण ती मूठ ओल्या हातात घसरत नाही, आणि आपल्याकडे हात कायम ओला किंवा तेलकटच असतो, चिकन मॅरिनेट करताना तर विचारूच नका. पातं पातळ आहे त्यामुळे कोबीचा अर्धा गड्डा ठेवून तासायला लागलं की पचडीसारखा बारीक पडत जातो. हॉटेलांच्या किचनमध्ये ही सुरी खूप दिसते ते काही उगाच नाही. तीन-चार हजारांच्या घरात जाते, पण नीट वापरली तर पुढची कितीतरी वर्षं दुसरी लागत नाही. आपले ओटे लहान असतात, बोर्डही लहान, त्यामुळे आठ इंच ज्यांना मोठी वाटते त्यांनी १७ सेंटीमीटरची सांतोकू, म्हणजे जपानी घाटाची सुरी, बघावी, त्याच कंपनीत मिळते, पातं रुंद, पाठ पुढे खाली वळलेली, भाज्यांना उत्तम. मात्र धरायची पद्धत बदला. मुठीच्या मागे धरून पहिलं बोट पात्याच्या पाठीवर ठेवायची सवय असते बहुतेकांना, त्यापेक्षा अंगठा आणि पहिलं बोट याने पातंच चिमटीत धरायचं, मुठीच्या अगदी जवळ, बाकी तीन बोटं मुठीवर. दोन दिवस विचित्र वाटतं, मग सुरी वळवळत नाही आणि मनगट दुखत नाही.

जपानी सुऱ्यांबद्दल सध्या बरीच चर्चा असते म्हणून लिहिते. व्हीजी-१० ची खरी जपानी सांतोकू एकदा कांद्यावर चालवून बघितली की कळतं लोक वेडे का होतात. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते पेशी फुटून जो वायू सुटतो त्याने, बोथट सुरी पेशी चेंगरते, धारदार सुरी कापते, त्यामुळे चांगल्या पातळ पात्याने किलोभर कांदा चिरला तरी त्रास बराच कमी होतो. भाजी-फळं, बोनलेस चिकन, माशाचे फिले एवढंच ज्यांच्याकडे असतं त्यांनी जरूर घ्यावी. पण सुरण, कच्चा फणस, फ्रीजरमधनं काढलेला दगडासारखा मटणाचा गोळा आणि नारळ, यांच्या आसपास सुद्धा ती न्यायची नाही, टवका पडलाच म्हणून समजा. आणि ज्या घरात चार जण सुरी वापरतात, कोणी तिने डबा उघडतं, कोणी पाकीट फोडतं, तिथे ही सुरी टिकायची नाही. डमास्कसची, म्हणजे थरांवर थर दिलेल्या स्टीलची, नक्षी बघून तर अजिबात भुलू नका. शेजारच्या वहिनींनी ऑनलाइन मागवलेल्या एका सुरीवर लाटांसारखी सुंदर नक्षी होती, घासणीने घासून घासून मुठीकडची पुसट झाली, कारण ती वरून लेझरने काढलेली होती. खऱ्या थरांच्या स्टीलची नक्षी थोडी फिकी पडते पण थर आतपर्यंत असतात, दगडावर घासलं तरी ते पुन्हा दिसतात.

आता विळी. विळीला मागास म्हणणाऱ्यांनी मेथीची जुडी मुठीत धरून विळीवर चिरून बघावी. पातं जागेवर स्थिर, भाजी दोन्ही हातात, त्यामुळे जोर दोन्ही हातांचा, वर अंगाचा भार, बोर्डाची गरजच नाही, चिरलेलं थेट ताटात पडतं. लाल भोपळ्याची मोठी फोड सुरीने कापताना सुरी अडकते आणि घसरायची भीती असते, विळीवर तीच फोड पुढे रेटली की सरळ दुभंगते. कोकणात, गोव्यात खोबरं खवायची खवणी तिच्याच टोकाला असते, तिकडे आदोळी म्हणतात, नारळ खवला की त्याच बैठकीत मासे कापून होतात. फणस कापायचा तर पात्याला आणि हाताला खोबरेल तेल चोळून बसायचं, नाहीतर चीक निघता निघत नाही.

पातं कार्बन स्टीलचं म्हणजे पोलादी असेल तर धार फार सुरेख येते आणि सहज लावता येते, पण वांगं, कैरी, केळफूल चिरलं की पातं काळं पडतं आणि भाजीलाही रंग लागतो, लोखंडाची आंबट-तुरट रसाशी जी क्रिया होते ती. आरोग्याला काही नाही, पण दिसतं खराब, म्हणून या तीन-चार भाज्या स्टेनलेस स्टीलच्या सुरीने करा. काम झालं की धुऊन लगेच पुसायची, पावसाळ्यात तर पुसून तेलाचा हात फिरवून ठेवायची, आणि आडवी पाडून, पातं भिंतीकडे करून. घरात रांगतं मूल असेल तर पात्यावर टोपण येणारी घडीची विळी घ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ओट्यावर ठेवायची विळी मिळते, मात्र तिचा पाट जड पाहिजे, हलका असेल तर भोपळा रेटताना विळीच पुढे सरकते.

आणि खरा खर्च करायचा तो धारेवर. माझं ठाम मत आहे की साधी पण धार असलेली सुरी ही महागड्या बोथट सुरीपेक्षा कधीही चांगली, आणि सुरक्षितही, कारण बोट कापतं ते बहुतेक वेळा जोर लावताना सुरी घसरून. एक हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप) पाण्याचा दगड घ्या. आधी पाण्यात भिजवायचा की नुसतं वरून पाणी शिंपडायचं ते दगडावर अवलंबून असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. खाली ओलं फडकं घाला म्हणजे दगड सरकणार नाही. सुरी दगडावर आडवी ठेवायची आणि पाठ थोडी उचलायची, पातं साडेचार-पाच सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दीड सेंटीमीटर वर, म्हणजे १५ ते २० अंशांमध्ये येतो कोन. हाच कोन धरून एका बाजूने घासत राहायचं, मध्ये मध्ये उलट्या बाजूने नख अलगद बाहेरच्या दिशेने फिरवून बघायचं, एक बारीक खरखरीत कड नखाला अडकायला लागते. ती पूर्ण लांबीवर, मुठीपासून टोकापर्यंत लागली की मगच बाजू बदलायची. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, कड यायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग म्हणतात दगडाने काही होत नाही. दुसऱ्या बाजूनेही कड आली की जोर कमी करत करत आलटून पालटून चार-पाच हात मारायचे, कड निघून जाते. वर्तमानपत्राचा कागद धरून वरून कापून बघा, न अडकता सरकन गेला पाहिजे. रोजच्यासाठी स्टीलचा रॉड, त्याने धार लागत नाही, वाकलेली धार सरळ होते, पण ५५-५६ वाल्या सुरीला तेवढ्याने पुष्कळ दिवस भागतं. जपानी कडक सुरीवर मात्र खाचांचा रॉड वापरू नका.

सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला विळीला आणि कात्रीला उत्तम, ते त्यांचं पिढ्यानपिढ्याचं काम आहे आणि त्यांना द्यावं. पण चार हजाराची सुरी कोरड्या इलेक्ट्रिक चाकावर देऊ नका, ठिणग्या उडतात म्हणजे कड तापते, पात्यावर निळसर डाग दिसला तर तिथला कडकपणा गेला समजा, आणि दर वेळी पातं किती कमी होतं ते वेगळंच. घरातले दोन चाकांतून ओढायचे शार्पनर पण असंच भराभर स्टील खातात.

बोर्ड लाकडाचा किंवा जाड प्लास्टिकचा. काचेचा बोर्ड, स्टीलचा बोर्ड, ग्रॅनाइटचा ओटा, ताट पालथं घालून त्यावर चिरणं, यातलं काहीही केलं तर वरचं सगळं वाचून उपयोग नाही. सुरी सिंकमध्ये भांड्यांखाली टाकून ठेवू नका, धार जाते आणि भांडी घासणाऱ्या मावशींचा हात कापतो. वापरली की तिथेच धुवा, पुसा.

घ्यायला पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी किंवा मुंबईत भुलेश्वरकडे भांड्यांची दुकानं आहेत तिथे जा, ऑनलाइन घ्यायची तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. दुकानात पाकिटातनं बाहेर काढून द्यायला सांगा. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे पाठीवरून बघा, पातं सरळ आहे का, मूठ आणि पातं जिथे जुळतं तिथे फट नाही ना, फट असेल तर तिथे पाणी-घाण साठते आणि मूठ सैल होते. चिमटीत धरून बघा, पाठीच्या कडा बोटाला टोचतात का. आणि घरात कोणी डावखुरं असेल तर पातं दोन्ही बाजूंनी सारखं घासलेलं आहे ना ते विचारून घ्या, दातेरी सुऱ्या आणि काही जपानी सुऱ्या एकाच बाजूने घासलेल्या असतात, आणि त्या बहुतेक उजव्या हाताच्याच असतात, डाव्या हातात त्या तिरक्या जातात.